एका रिळातली नवलाई : रिपलेचे लघुपट आणि त्यांतली बिननावाची माणसे

धागाकर्ता : एकरीळ

गेले दोन महिने रात्रीचे जेवण आटोपले की मी वही-पेन घेऊन संगणकासमोर बसतो आणि वॉर्नर ब्रदर्सने १९३० ते १९३२ या काळात व्हायटाफोन या नावाखाली काढलेले रॉबर्ट रिपलेचे लघुपट एकेक करून पाहतो. एकूण दोन डझन लघुपट आहेत आणि प्रत्येक एका रिळाचा, म्हणजे दहा मिनिटांच्या आतबाहेरचा आहे. वॉर्नरनेच काही वर्षांपूर्वी त्यांचा डीव्हीडी संच काढल्यामुळे ते आता घरबसल्या पाहता येतात. घरच्यांच्या मते हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे आणि काही रात्री मलाही तसेच वाटते. पण वहीची पाने भरत गेली तसा एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला, म्हणून हा धागा.

ज्यांना रिपले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा येथे १८९० साली जन्मलेला हा मनुष्य मूळचा वृत्तपत्रातला क्रीडा-व्यंगचित्रकार. डिसेंबर १९१८ मध्ये ‘न्यूयॉर्क ग्लोब’ या पत्रात त्याने खेळांतले काही विचित्र विक्रम एका चौकटीत चितारले आणि पुढच्याच वर्षी त्या चौकटीला ‘विश्वास ठेवा अगर न ठेवा’ या अर्थाचे ते जगप्रसिद्ध नाव मिळाले. १९२९ मध्ये वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या किंग फीचर्स या, वृत्तपत्रांना सदरे पुरवणाऱ्या संस्थेने त्याला आपल्याकडे ओढले आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तकही निघाले. पडद्याला नुकताच कंठ फुटला होता. अशा वेळी चित्रपटवाल्यांची नजर त्याच्याकडे वळली नसती तरच नवल.

या लघुपटांची घडण अगदी साधी आहे. रिपले चित्रफलकापुढे उभा राहतो, भराभर चार रेषा ओढतो, आपल्याकडे वळून एखादा अचाट दावा करतो आणि मग ती वस्तू, ती जागा किंवा तो मनुष्य पडद्यावर येतो. गंमत अशी की जगभरची नवले दाखवणारा हा गृहस्थ कॅमेऱ्यासमोर स्वतः कमालीचा अवघडलेला आहे. दात पुढे आलेले, स्वर सपाट, हातांचे काय करावे हे न कळल्यासारखी हालचाल. खडू हातात असतो तेवढाच वेळ तो सुखी दिसतो. प्रत्यक्ष आयुष्यातही तो असाच होता. त्याने मोटारी बाळगल्या पण चालवायला शिकला नाही, नावा बाळगल्या पण पोहायला शिकला नाही, आणि टेलिफोनमधून विजेचा झटका बसेल या भीतीने तो त्याला हातही लावत नसे.

आता त्याच्या दाव्यांविषयी. रिपले खोटे क्वचितच बोलतो; तो खरे अशा रीतीने मांडतो की ऐकणाऱ्याला ते खोटे वाटावे. याचा मासला म्हणजे लिंडबर्ग या वैमानिकावरचे त्याचे व्यंगचित्र. १९२७ च्या उड्डाणाने लिंडबर्ग अमेरिकेच्या गळ्यातला ताईत झालेला असताना रिपलेने छापले की न थांबता अटलांटिक ओलांडणारा हा ६७ वा मनुष्य आहे. संतापलेल्या वाचकांची हजारो पत्रे आली. रिपलेचा हिशेब असा होता : १९१९ मध्ये विमानातून आलकॉक आणि ब्राउन हे दोघे, त्याच वर्षी आर-३४ या ब्रिटिश हवाई जहाजातून ३१ जण आणि १९२४ मध्ये जर्मनीहून आलेल्या झेडआर-३ या हवाई जहाजातून ३३ जण. बेरीज ६६. लिंडबर्ग एकटा उडाला हे खरे, पण ‘एकटा’ हा शब्द रिपलेने गाळला, आणि त्याचे सारे कसब त्या गाळलेल्या शब्दात आहे.

लघुपट पाहताना मी वहीत दोन रकाने आखले होते. एकात दावा लिहायचा आणि दुसऱ्यात ज्याच्याविषयी दावा आहे त्याचे नाव. मनुष्य अमेरिकन असला की बहुधा नाव मिळते, गाव मिळते, राज्यसुद्धा मिळते. मनुष्य आपल्या बाजूचा असला की ‘काशीचा साधू’, ‘चीनमधला एक भिकारी’, एवढ्यावर काम भागते. रिपले १९२२-२३ च्या जगप्रवासात काशीला गेला होता आणि वर धरलेला हात वाळलेल्या, खिळ्यांवर झोपणाऱ्या साधूंनी त्याला जन्मभराचा मालमसाला पुरवला. त्यांतल्या कोणाला त्याने नाव विचारले असेल का?

नावाच्या बाबतीत आणखी एका माणसाची कथा ऐकण्यासारखी आहे. रिपलेला यातली बरीचशी माहिती पुरवणारा मनुष्य नॉर्बर्ट पर्लरॉथ हा होता. त्याला चौदा भाषा येत. १९२३ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे रिपले १९४९ मध्ये वारल्यानंतरही पाव शतक, तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून या सदरासाठी नवले शोधत राहिला. जगाची समजूत मात्र अशी होती की ही सगळी नवले रिपलेने स्वतः पायपीट करून गोळा केली आहेत, आणि रिपलेने ती समजूत दूर करण्याची तसदी घेतली नाही.

असे जुने लघुपट कोणी पाहिले असतील, मग ते कोणत्याही देशातले असोत, तर येथे लिहावे. आणि शक्य असेल तेव्हा त्यातल्या माणसांची नावे द्यावीत, एवढीच विनंती.


खडूफळा

एकरीळ, लेख आवडला. मी गणिताचा शिक्षक होतो आणि रिपलेचे एक चित्र दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडत असे. सगळे चिनी लोक चौघाचौघांच्या ओळीने एका खांबापुढून चालू लागले तर ती मिरवणूक कधीच संपणार नाही, असा तो दावा.

त्याचा हिशेब असा. चिनी लोकसंख्या ६० कोटी धरा. अमेरिकन लष्कराच्या शिस्तीने दिवसाला १५ मैल चाल धरा. वर्षाला २ कोटी ६२ लाख ८० हजार माणसे खांब ओलांडतात, म्हणजे ६० कोटींना जवळजवळ २३ वर्षे लागतील. पण वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के, म्हणजे ६ कोटी मुले जन्मतात, त्यांतली निम्मी जगली तरी ३ कोटी होतात आणि ती पुढे गेलेल्यांपेक्षा जास्त भरतात. सबब, मिरवणूक अखंड.

पहिल्या दिवशी वर्ग थक्क होई. दुसऱ्या दिवशी मी मुलांना उलटतपासणी करायला लावी. वर्षाची संख्या ३६५ ने भागली की दिवसाला ७२ हजार माणसे, म्हणजे १८ हजार ओळी, म्हणजे मैलाला १,२०० ओळी आणि दोन ओळींत सुमारे ४.४ फुटांचे अंतर. येथपर्यंत हिशेब चोख आहे. गोम जन्मदरात आहे. हजारी १०० जन्म हा दर कोणत्याच देशाचा नसतो. हजारी ५० म्हणजेच डोक्यावरून पाणी. दर निम्मा करा, जगणाऱ्यांची संख्या दीड कोटीवर येते आणि मिरवणूक एक ना एक दिवस संपते. शिवाय १९५३ च्या जनगणनेत चीनची लोकसंख्या ५८ कोटींच्या आसपास भरली, तेव्हा त्याआधी पंचवीस-तीस वर्षे ती ६० कोटी कोठून असणार?

तुम्ही म्हणता तो खोटे क्वचित बोलतो, हे मला मान्य नाही. आकड्यांच्या बाबतीत तो सोयीचा आकडा निवडतो. मुलांना मात्र हे चित्र फार शिकवून गेले, हेही खरे.


ऑपरेटरचा नातू

माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तंबू सिनेमात ऑपरेटर होते, त्यामुळे ‘एक रीळ’ या शब्दाशी माझे घरगुती नाते आहे. असे लघुपट निघतच का होते, हे धाग्यात आलेले नाही, म्हणून लिहितो.

त्या काळी अमेरिकेत तिकिटाच्या पैशात प्रेक्षकाला एकटा मुख्य चित्रपट मिळत नसे. बातमीपट, व्यंगपट, एखादा विनोदी किंवा माहितीचा लघुपट आणि मग मुख्य चित्रपट, असे भरगच्च ताट असे. मोठ्या कंपन्यांची स्वतःची चित्रपटगृहे होती, आणि जी त्यांची नव्हती त्यांना चांगला चित्रपट हवा असेल तर सोबत लघुपटही घ्यावेच लागत. मुख्य चित्रपटांना बांधून लघुपट गळ्यात मारण्याच्या या पद्धतीला १९४० मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत मोठ्या कंपन्यांपुरता लगाम बसला, १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा, चित्रपट असे बांधून विकणे बेकायदा ठरवणारा पॅरामाउंट खटल्यातला निकाल आला, मागोमाग टीव्ही आला आणि एका रिळाच्या धंद्याची हवा गेली. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट लावणे परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते, त्यामुळे आपला प्रेक्षक त्या वेळात भेळ आणायला बाहेर जाई. तिथला प्रेक्षक जागेवर बसून राहावा म्हणून तर दोन डोक्यांचे वासरू लागत असे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. व्हायटाफोन हे नाव मुळात तबकडीवरच्या ध्वनीचे. सोळा इंच व्यासाची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, सुई आतून बाहेरच्या दिशेने जाणारी, आणि एका बाजूला साधारण अकरा मिनिटे, म्हणजे बरोबर हजार फुटांच्या रिळाइतका वेळ. साधारण वीस वेळा वाजवली की ती तबकडी बाद करायची असा नियम होता. रीळ मध्येच तुटले आणि ऑपरेटरने चार चौकटी कापून जोडले, की माणसाचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. आजोबांनी हे यंत्र पाहिलेले नव्हते, पण मी त्यांना वर्णन वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुटलेल्या फिल्मच्या जागी काळी पट्टी चिकटवावी लागत असणार." तसेच करत, हे मला नंतर वाचायला मिळाले. रिपलेच्या वेळेपर्यंत आवाज फिल्मवरच छापण्याची पद्धत येऊ लागली होती, पण व्हायटाफोन हे नाव टिकले. एका बाजूला फिल्म आहे पण तबकडी नाही, दुसऱ्या बाजूला तबकडी आहे पण फिल्म नाही, अशा जोड्या जुळवण्याचे काम १९९१ पासून तिथले काही हौशी लोक करीत आहेत.


निशिगंध (न्यू जर्सी)

मी वेस्ट ऑरेंजपासून अर्ध्या तासावर राहते. एडिसनच्या प्रयोगशाळेचे आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि त्याच्या आवारात ‘ब्लॅक मराया’ या चित्रीकरणगृहाची प्रतिकृती आहे. मूळ इमारत १९०३ मध्येच पाडली गेली. डांबरी कागदाने मढवलेली काळी खोली, छत उघडणारे, आणि सूर्याच्या दिशेने वळवता यावी म्हणून सगळी खोलीच गोल रुळावर बसवलेली. मुलांना घेऊन गेले होते तेव्हा मुलगा म्हणाला, "हे तर कोळशाच्या वखारीसारखे दिसते." त्याने कोळशाची वखार कधी पाहिलेली नाही, हा भाग निराळा.

मुद्दा असा की नवलाचे लघुपट रिपलेपासून सुरू होत नाहीत. सिनेमाच नवलापासून सुरू होतो. १८९४ मध्ये याच खोलीत आणि तिच्या आवारात शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो, अंग कशाही रीतीने वाकवणारी एना बर्टोल्डी, तारेवरून चालणारा हुआन काइसेडो, मुष्टियुद्ध करणारी दोन मांजरे, या सगळ्यांची चित्रणे झाली. एडिसनचा सहायक फ्रेड ऑट याची शिंकसुद्धा चित्रित झाली. त्या वर्षीच्या १४ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर किनेटोस्कोपचे पहिले दालन उघडले. पंचवीस सेंट देऊन पाच यंत्रांत वाकून पाहायचे, एका वेळी एकाच माणसाने. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपवाल्याच्या पेटीची बहीणच म्हणा. चित्रे काही सेकंदांची असत आणि त्यांत कथा नसे, पण करामत असे.

ज्यांना सँडो हे नाव ओळखीचे वाटत असेल त्यांनी कपाट उघडून पाहावे. बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो तो हाच. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याचे नाव आपल्या दोरीवर वाळत राहिले.

आवाजाच्या जन्मातही असेच एक नवल आहे. थिओडोर केस या संशोधकाने १९२५ मध्ये ध्वनिचित्रपटाची चाचणी म्हणून गस व्हिसर नावाच्या तमासगिराला उभे केले. त्याच्या काखेत एक बदक आहे, तो गाणे म्हणतो आणि गाण्यात नेमक्या जागी बदक ओरडते. बदकाला कुठे दाबले म्हणजे ते ओरडते हे पाहिल्यावर माझे हसू ओसरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००२ साली या चित्रणाचा समावेश झाला. बदकाचे नाव कोठे सापडले नाही, एकरीळ.


स्टेथो

रिपलेने १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात माणसांचेच एक दालन मांडले होते आणि ते वीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. त्या दालनातल्या मार्टिन लॉरेलो या जर्मन माणसाचे चित्रण आजही पाहायला मिळते. तो छाती पुढे ठेवून तोंड पूर्णपणे पाठीकडे नेत असे आणि त्याला ‘मानवी घुबड’ म्हणून दाखवत. निरोगी माणसाची मान एका बाजूला साधारण ७० ते ९० अंश फिरते. उरलेले अंश खांदे आणि पाठीचा वरचा भाग पिळून मिळवावे लागतात, आणि चित्रण सावकाश पाहिले तर त्याचा एक खांदा कसा मागे सरकतो ते स्पष्ट दिसते. तीन वर्षांच्या सरावाने हे साधले, असे तो सांगत असे. माझ्या दृष्टीने ही कला आहे, आणि मेहनतीने कमावलेली आहे.

त्याच दालनात फ्रीडा पुश्निक नावाची दहा वर्षांची मुलगीही होती. तिला जन्मतःच हात आणि पाय नव्हते. हनुवटी आणि खांद्याच्या बेचक्यात लेखणी धरून ती सुंदर अक्षरात लिहीत असे आणि शिवणकामही करीत असे. लॉरेलो आणि फ्रीडा यांना एकाच फलकाखाली, एकाच तिकिटात दाखवले जात असे. एकाने शरीराला शिकवलेले कसब आणि दुसरीला जन्मासोबत मिळालेली अवस्था या दोहोंना ‘नवल’ हा एकच शब्द लावलेला होता. मला खटकते ते हे. नाव सांगितले की नाही हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो; फ्रीडाचे नाव तर फलकावर होतेच.


उंटावरची शहाणी

स्टेथो, तुमच्याविषयी आदर बाळगून असहमती नोंदवते. १९३३ हे मंदीचे वर्ष होते. ज्या मुलीला त्या काळात शाळेत घ्यायला आणि पुढे कामावर ठेवायला कोणी सहज तयार झाले नसते, तिला त्या दालनात पैसे मिळत होते, आणि फ्रीडा मोठी झाल्यावरही बरीच वर्षे सर्कशीत काम करीत राहिली. पुढे सुसंस्कृत समाजाने अशी दालने बंद पाडली तेव्हा त्या माणसांच्या पोटाची सोय कोणी केली? आमच्या गावात डोंबाऱ्याच्या पोरीला दोरीवर चालू देऊ नका असे म्हणणारे पुष्कळ होते. तिला दुपारचे जेवण देणारे त्यांत कमी होते.

आणि नवलाची चौकट नेहमी निरुपयोगीच असते असेही नाही. अमेरिकेला अधिकृत राष्ट्रगीत नाही, हे रिपलेने नोव्हेंबर १९२९ च्या एका चित्रात छापले. लोकांनी संसदेकडे मागणी लावून धरली आणि मार्च १९३१ मध्ये कायदा झाला. एमजीएमची जॉन नेस्बिट यांच्या निवेदनाची जी मालिका १९३८ ते १९४९ या काळात चालली, तिच्या पहिल्याच वर्षात सेमेलवाइसवर एक रिळाचा लघुपट निघाला आणि त्याला ऑस्कर मिळाले. बाळंतिणीला तपासण्याआधी डॉक्टरांनी हात धुवावेत, एवढे सांगणाऱ्या माणसाला त्याच्याच व्यवसायबंधूंनी वेड्यात काढले, हे दहा मिनिटांत सांगितलेले आहे. स्टेथो, तुम्ही तो जरूर पाहावा.


स्टेथो

पाहिला आहे, विद्यार्थ्यांनाही दाखवतो. पोटाचा मुद्दा मान्य. फक्त एवढेच म्हणतो की तिकीट काढणाऱ्याने डोंबाऱ्याच्या पोरीचा दाखला स्वतःच्या समाधानासाठी देऊ नये. फ्रीडाने दिला असता तर मी गप्प बसलो असतो.


बोरीबंदर

चर्चा चांगली चालली आहे, पण मुंबईचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते.

७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली आणि ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती मुद्दाम लावून तिचे चित्रण केले आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. त्यांचे दुसरे चित्रण माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाचे. म्हणजे आपल्याकडेही पहिला मान पैलवानाला आणि दुसरा माकडवाल्याला मिळाला. एडिसनच्या खोलीत सँडो आणि मांजरे होती, तोच क्रम.

आता एकरीळ यांच्या दुसऱ्या रकान्याकडे येतो. त्या कुस्तीची फिल्म आज उपलब्ध नाही, पण पैलवानांची नावे उपलब्ध आहेत : पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी. रिपलेच्या रिळांत चेहरे राहिले आणि पुष्कळांची नावे गेली. आपल्याकडे चेहरे गेले आणि नावे राहिली. मी हे कोणाचा मोठेपणा म्हणून सांगत नाही. माकडवाल्याचे नाव आपल्याकडेही कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

दादासाहेब फाळके यांचेही येथे स्मरण व्हावे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे चित्रण थोडे थोडे, रोजच्या रोज केले, रोपटे पाहता पाहता वाढते हा चमत्कार पडद्यावर दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्याचे मन वळवले. पुढे त्यांनी स्वतःच्या जादूच्या प्रयोगांचा लघुपट केला, त्यात ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले. फाळके हे आडनाव उलटे वाचून पाहावे. आपले नवल आपणच व्हायचे आणि नावाचीही करामत करायची, हे मला रिपलेच्या चित्रफलकापेक्षा मोठे वाटते, पण मी पडलो मुंबईकर आणि फाळक्यांचा भक्त, तेव्हा हे मत थोडे उणे करून घ्यावे.


शनिवारपेठी

पुण्याचा धागा येथे जुळतो. श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे वाढवली. शाळेत एका शिक्षकाचे जपलेले लांब नख आपल्या हातून मोडले, त्यांनी रागावून सांगितले की जपणूक म्हणजे काय हे तुला कळायचे नाही, आणि आपण ते आव्हान घेतले, असे ते मुलाखतीत सांगत. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमधल्या रिपलेच्याच संग्रहालयात ती नखे कापली गेली. पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर, त्यात एकट्या अंगठ्याची १९७.८. कापण्यासाठी छोटे विजेचे चक्र वापरावे लागले. त्या हाताची बोटे सरळ होत नव्हती, मूठ मिटत नव्हती, आणि याच माणसाने उजव्या हाताच्या भरवशावर छायाचित्रकार म्हणून नोकरी केली आणि संसार केला. त्या चित्रफितीत नख तुटतानाचा त्यांचा चेहरा पाहावा. मी नखांकडे पाहायला गेलो होतो आणि चेहऱ्याकडेच पाहत राहिलो.

येथे निदान नाव, गाव आणि कारण तिन्ही आहेत. रिपले काशीला थांबला त्याऐवजी पुढे पुण्याला आला असता तर, असा विचार मनात आला, पण तेव्हा चिल्लाल जन्मलेले नव्हते.

रिपलेच्या संग्रहातल्या ब्लायस्टोन या गृहस्थाने तांदळाच्या एका दाण्यावर २,८७१ अक्षरे लिहिली होती. तुळशीबागेत तांदळावर नाव लिहून देणाऱ्यांना मी हा आकडा एकदा ऐकवला. एकाने वर न पाहता विचारले, "वाचायला कोण येणार?"


एकरीळ

सर्वांचे आभार. खडूफळा, आकड्यांविषयीची दुरुस्ती मान्य करतो. वहीत ‘सोयीचा आकडा’ असा तिसरा रकाना आखला आहे. बोरीबंदर, पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी ही नावे मी वहीच्या पहिल्या पानावर, रिपलेच्याही आधी लिहिली.

स्टेथो आणि उंटावरची शहाणी यांच्या वादात मला एक गोष्ट भर म्हणून सांगायची आहे. पर्सी स्मिथ नावाच्या इंग्रज कारकुनाने १९०८ मध्ये एका निळ्या माशीला पाठीवर टेकवून अडकवले आणि तिच्या पायांत आगकाडी, बुचाचा गोळा असे काय काय देऊन ती कशी फिरवते याचे चित्रण केले. प्रेक्षकांना ती कसरत वाटली. ही क्रूरता आहे अशी ओरड झाली तेव्हा स्मिथला खुलासा करावा लागला की माशीला इजा झालेली नाही आणि काम झाल्यावर ती सोडून दिली. एका माशीसाठी हा खुलासा द्यावा लागला. ब्रिटनच्या पाथे या जुन्या बातमीपट कंपनीच्या संग्रहातल्या सुमारे ८५ हजार चित्रफिती २०१४ पासून यूट्यूबवर आहेत, त्यांत हिंदुस्थानातले गारुडी, साधू, कसरतपटू पुष्कळ सापडतात. त्यांच्याविषयी कोणी असा खुलासा मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

रिपलेची चोवीस रिळे संपली. आता पॅरामाउंटने १९३७ ते १९४९ या काळात काढलेली चमत्कारिक व्यवसायांची मालिका घेणार आहे. ती रंगीत आहे आणि त्यात निदान माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात, असे ऐकतो.


खडूफळा

वही पुढे नेण्याआधी लिंडबर्गच्या हिशेबातली एक नोंद करून घ्यावी. आर-३४ हे हवाई जहाज २ जुलै १९१९ रोजी स्कॉटलंडहून निघाले आणि सुमारे १०८ तासांनी न्यूयॉर्कजवळ मिनिओला येथे उतरले. वजन कमी करण्यासाठी ज्यांना मागे ठेवायचे ठरले होते त्यांत विल्यम बॅलंटाइन नावाचा एक कर्मचारी होता. तो निघण्यापूर्वीच गुपचूप आत शिरून वायूच्या पिशव्यांच्या मध्ये लपून बसला आणि जहाज समुद्रावर आल्यावरच बाहेर आला. रिपलेच्या ३१ मध्ये तो धरलेला दिसतो. त्याच्यासोबत एक मांजराचे पिल्लूही गेले होते. ते धरलेले नाही. त्याचे नाव वूप्सी.